आशाची सांडणी

जुन्नर–डिंभे गाडीवर आशा कंडक्टर असली, की ती गाडीत कुठं आहे हे कुणाला शोधावं लागत नसे. तिचा आवाजच आधी येऊन भेटायचा. "पुढं सरका, मागं जागा हाये! अवो पावणं, पिशवीला न्हाई तिकीट, ती मांडीवं घ्या!" असं ती एकदा म्हणाली, की खच्चून भरलेल्या गाडीतसुद्धा चार माणसांची जागा निघे.

हा आवाज तिला बापाकडून मिळाला होता. सोनबाची मेंढरं होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून तो कळपासकट कोकणात उतरायचा, आणि थोरली लेक म्हणून आशाही बरोबर असायची. सात-आठ वर्षांची पोर, पण दरीपल्याड गेलेली मेंढरं एका आरोळीत माघारी वळवायची. चौथीनंतर मामानं तिला ओतूरला शाळेसाठी ठेवून घेतलं. बारावी झाली, लग्न झालं, लेक झाली, आणि लेक तीन वर्षांची असताना एसटीची भरती निघाली. "बाईमाणसाला जमंल का?" असं तेव्हा नात्यातले चारजण म्हणाले. आशानं अर्ज भरला आणि नोकरीला लागली. पहिल्या महिन्याभरातच तेच चौघं तिच्या गाडीनं आले, आणि चौघांनाही तिकीट काढावं लागलं.

आता तिची चाळिशी उलटली होती. नवरा अमृत आळेफाट्याला ट्रकच्या गॅरेजात फिटर होता, घर ओतुरात होतं, आणि लेक तेजस्विनी पुण्यात नर्सिंग शिकत होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या ह्या लेकीनंच एक खेळ आईच्या मोबाईलमध्ये घालून ठेवला. तिच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून. सुट्टी संपली, लेक गेली, खेळ राहिला.

डिंभ्याला गाडी दुपारी बाराच्या सुमाराला पोचे आणि चाळीस मिनिटं थांबे. ड्रायव्हर गेणभाऊ भाकरी खाऊन सीटवरच कलंडत. आशाला दिवसा झोप येत नसे. एके दिवशी धरणाकडं तोंड करून बसल्या बसल्या तिनं सहज त्या खेळाच्या चित्रावर बोट ठेवलं. चित्रात भला मोठा फेटा बांधलेला एक काटकुळा माणूस होता आणि त्याच्याकडं तुच्छतेनं बघणारी एक उंटीण.

खेळाचं नाव होतं 'अमानत'. गोष्ट अशी, की एका शहरातला जुना व्यापारी मरताना आपल्या नोकराच्या, म्हणजे मियाँ फुरसतच्या हाती एक पितळी पेटी देतो. ही सात शहरांपलीकडं राहणाऱ्या एका म्हातारीची अमानत, म्हणजे सांभाळायला दिलेली वस्तू आहे, ईदचा चाँद दिसायच्या आत तिच्या हाती पोचव, पण उघडून बघू नकोस. आता मियाँ फुरसत मनानं वाईट नाही, पण आळशी आणि थापाडा. अडचण आली की थाप मारतो. आणि थाप मारली, की त्याचा फेटा वीतभर वाढतो. तिसऱ्या शहरापर्यंत तो इतका वाढतो की मियाँ दारातून आत जाऊ शकत नाही. खरं बोलून, माफी मागून तो फेटा पुन्हा उतरवावा लागतो. त्याची उंटीण, म्हणजे सांडणी, नाव शहजादी, बोलते. चालते कमी, बोलते जास्ती.

पहिल्याच दिवशी हमामखान्यात, म्हणजे गावच्या न्हाणीघरात, मियाँनं घाईघाईत कोतवालाचे कपडे चढवले, आणि बाहेर आल्यावर शहरभरचे चोर त्याला सलाम करून हप्ता द्यायला लागले. आशा इतक्या मोठ्यानं हसली, की गेणभाऊ दचकून उठले.

"काय झालं, आशाताई? गाडी सुटली?"

"गाडीत तुमी, किल्ली तुमच्याकडं. कशी सुटंल? झोपा."

त्या दिवसापासून डिंभ्याची चाळीस मिनिटं तिची झाली. गाडी चालू असताना मोबाईल कधी खिशातून निघाला नाही. तो तिचा स्वतःचाच कायदा होता. पण डिंभ्याला गाडी लागली, मशीनवर फेरीची नोंद झाली, भाकरी खाऊन झाली, की मियाँ फुरसत निघाला पुढच्या शहराला.

चौथ्या शहरात मात्र घोडं अडलं. वाळवंटातली सराय म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाची जागा. मियाँ दाराशी येतो, "अल्लाह पे भरोसा है" म्हणतो, आत जाऊन गाढ झोपतो, आणि सकाळी बघतो तर सांडणी पसार. मग खेळ पुन्हा दारापासून. आशानं सगळं करून पाहिलं. पहारेकऱ्याला नाणं दिलं, सांडणीला खजूर चारले, मियाँला दुआ मागायला लावली. काही केल्या सकाळी सांडणी नाहीच. आठ दिवस हा प्रकार चालला. तेजस्विनीला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "आई, मी दुसऱ्याच शहरात अडकलीये. तू एवढी पुढं गेलीस?"

जुन्नरहून बाजाराच्या दिवशी जैतूनबी गाडीला असायच्या. साठी उलटलेल्या, बांगड्यांचा धंदा, डोक्यावर पदर आणि काखेत बांगड्यांचं गाठोडं. त्या घोडेगावच्या बाजारात बसत. त्या दिवशी माल थोडका होता, म्हणून डिंभ्याला ओळखीच्या घरी लग्नाच्या बांगड्या भरायला त्या थेट शेवटपर्यंत आल्या, आणि काम उरकून परतीच्या गाडीसाठी आशाशेजारीच सावलीत बसल्या. मोबाईलमधून मियाँचा आवाज आला, "अल्लाह पे भरोसा है," आणि पाठोपाठ घोरणं.

"काय झालं पुढं?" जैतूनबींनी विचारलं. त्यांना बारीक दिसत नसे.

"पळाली सांडणी. रोजच पळती. आठ दिस झालं, चाची."

जैतूनबी गालातल्या गालात हसल्या. "बांधली का तिला?"

"काय?"

"अगं, आमच्यात ल्हान पोरालाबी ठावं हाये. आधी उंट बांध, मग अल्लावर भरोसा ठेव. मोठ्या माणसांचं सांगणं हाये ते. नुसता भरोसा सांगून झोपला, तर जनावर पळणारच की!"

आशानं पडदा पुन्हा निरखला. सरायच्या दाराशी, पाण्याच्या रांजणामागं, एका कोपऱ्यात बोटभर दोर पडलेला होता. आठ दिवस तो तिथंच होता. तिनं दोरावर बोट ठेवलं, दोर खुंट्याला बांधला, मियाँ झोपला, आणि सकाळी सांडणी जागच्या जागी रवंथ करत उभी! वर म्हणते कशी, "मियाँ, आज आपने अक़्ल भी बाँधी है, शुक्र है!"

आशानं कपाळावर हात मारला. "मेंढक्याची पोर मी, चाची! जनावराच्या गळ्यात दावं बांधल्याबिगर माझा बाप पाणी प्यायला नाय कंदी. अन् मला दावं दिसलं न्हाई!"

"शिकली पोर, दावं विसरली," जैतूनबी म्हणाल्या, आणि दोघी पोट धरून हसल्या.

तिथून पुढं खेळ एकटीचा राहिला नाही. बाजाराच्या दिवशी जुन्नर सुटताना जैतूनबी दारातूनच विचारत, "कुठवर पोचला आपला मियाँ?" आणि आशा तिकीट फाडता फाडता थोडक्यात सांगे. पाहुण्याचा मान तीन दिवसांचा, चौथ्या दिवसापासून त्यानं घरातल्या कामाला हात लावायचा, हे जैतूनबींनी सांगितलं, आणि मियाँ पाचव्या शहरातल्या वाड्यात फुकट जेवत का अडकून पडला होता ते आशाला उमगलं. चौथ्या दिवशी तिनं त्याला विहिरीचं पाणी ओढायला लावलं, दार उघडलं. काझीच्या कचेरीत एक कोंबडी साक्षीदार म्हणून उभी राहते, तिथं कोंबडीला शपथ कशी द्यायची ह्यावर जुन्नर ते घोडेगाव अख्ख्या गाडीत वाद झाला. गेणभाऊ पुढून ओरडले, "तिला दाणं टाका, खरं बोलंल!" आणि गंमत म्हणजे तेच उत्तर निघालं.

डिंभ्याला आता गाडीभोवती माणसं जमायला लागली. परतीच्या गाडीला थांबलेली, मासे विकून मोकळी झालेली, दवाखान्यातून आलेली. त्यात एक होत्या बयाबाई. धरणाखाली त्यांची शेती होती. त्या म्हणाल्या, "बाई, ही सांडणी काय बोलती मला काय कळंना. तुमी हसता, मी येड्यावानी बघती. मराठीत सांगा की."

आशानं सांगायला सुरुवात केली. आधी साधंच सांगायची. पण सांडणीचं बोलणं साधं सांगून चालण्यासारखं नव्हतं. त्यातला ठसका गेला तर राहिलं काय? सांडणी म्हणे, "मियाँ, आज पगड़ी में कपड़ा कम, झूठ ज़्यादा लिपटा है." आशा मान उंच करून, पापण्या अर्ध्या मिटून, ओठ एका बाजूला चघळत म्हणे, "काय वं मियाँ, आज फेट्यात कापडापरीस थापाच जास्ती गुंडाळल्यात!" बयाबाई हसता हसता जमिनीवरच बसल्या. मग आशाला ऊतच आला. सांडणीला ओझं जास्ती झालं, की आशाची सांडणी म्हणे, "अवो, पाठीवं किती जण चढताय? पुढं सरका, मागं कुबडावं जागा हाये!" हे मूळच्या खेळात नव्हतंच.

एकदा गर्दीतला एक गांधी टोपीवाला माणूस हसला नाही. तो म्हणाला, "बाई, आपल्यातलं काय कमी पडलं, म्हणून ह्यांचं खेळताय?"

आशानं मोबाईल खाली ठेवला.

"भाऊ, दिलेली वस्तू जिची तिला पोचवायची, एवढीच गोष्ट हाये ह्यात. थाप मारली तर डोईवं ओझं वाढतं, अन् माफी मागितली की उतरतं. ह्यातलं तुमचं किती अन् त्यांचं किती, ते तुमी सांगा. मला तर हसू आलं म्हणून मी खेळती."

तो माणूस गाडी सुटेस्तोवर तिथंच उभा राहिला, आणि कोंबडीच्या साक्षीच्या वेळी त्याची मिशी हलली, हे बयाबाईंनी पाहिलं.

ओतूरच्या कॉलेजात जाणारी वृषाली तेव्हा मावशीकडं डिंभ्याला आलेली होती. तिनं आशाचं हे सांडणीचं सोंग मोबाईलमध्ये टिपलं आणि 'आमच्या गाडीतली शहजादी' असं नाव देऊन सगळीकडं पाठवून दिलं. दोन दिवसांत ते ओतूर, आळेफाटा, मंचर करत करत पार मुंबईला गेलेल्या गाववाल्यांपर्यंत पोचलं. अमृतला गॅरेजात ट्रकवाल्यांनी दाखवलं. तो घरी येऊन म्हणाला, "आज नाशिकच्या एका ड्रायव्हरानं मला तुझीच सांडणी दाखवली. मी सांगितलंच न्हाई, घरातली हाये म्हणून. आधी पोटभर हसू दिलं."

तिसऱ्या दिवशी डेपोतून बोलावणं आलं. कुणीतरी अर्ज दिला होता : महिला वाहक कामाच्या वेळेत मोबाईलवर खेळ खेळतात, प्रवाशांकडं लक्ष देत नाहीत. सोबत तोच व्हिडिओ जोडलेला.

गेणभाऊंचा चेहरा उतरला. "आशाताई, मी येतो संगं. मी सांगतो."

"तुमी झोपलेलं व्हता, गेणभाऊ. काय सांगणार?"

ती एकटीच गेली. जाताना तीन महिन्यांच्या फेऱ्यांचे कागद काढून घेतले, आणि रात्री नीट अक्षरात लिहिलेला खुलासाही. साहेबांनी व्हिडिओ लावला. त्यांच्या टेबलावर सांडणी बोलायला लागली. साहेब तोंड गंभीर ठेवून बघत होते.

"हे तुम्हीच?"

"मीच, साहेब."

"ड्युटीवर?"

"साहेब, गाडी डिंभ्याला पोचली बारा वाजून आठ मिनिटांनी, सुटली बारा पन्नासला. मशीनची नोंद ही. व्हिडिओत माझ्यामागं गाडी उभी हाये, इंजिन बंद हाये, गेणभाऊंचं पाय खिडकीतनं दिसत्यात. ह्या वेळात मी भाकरी खाती, पाणी पिती अन् हे करती. ह्या तीन महिन्यांत माझी एकबी गाडी उशिरा सुटली न्हाई, एकबी माणूस बिनतिकिटाचा सापडला न्हाई. ह्यात चूक आसंल तर ती मला दाखवा, मी सही करती."

साहेबांनी कागद चाळले. दोन वेळा चाळले. मग खुलाशावर काहीतरी लिहून शिक्का मारला. "चूक नाही. पण गणवेशात असताना लोकांना असं शूटिंग करू देऊ नका, उगाच बोलायला जागा होते."

"बरं, साहेब. ते मानलं."

ती दारापर्यंत गेली तेव्हा साहेबांनी विचारलं, "ती कोंबडी शेवटी खरं बोलते का?"

"दाणं टाकावं लागत्यात," आशा म्हणाली, आणि गाडीवर गेली.

त्याच आठवड्यात पुण्याहून एका बाईचा फोन आला. "मी अर्शिया मोमीन बोलतेय. 'अमानत' हा खेळ आम्ही बनवलाय. तुमचा व्हिडिओ पाहिला."

आशा सावध झाली. फोनवरून गोड बोलून लुबाडणारे गाडीत रोज चर्चेला असत. "हे बघा बाई, ओटीपी-बिटीपी मागितला तर मी ठेवीन."

"ओटीपी नको, मला तुमचा आवाज हवाय. आम्ही हा खेळ मराठीत करतोय. शहजादीसाठी पुण्यात दहा जणींचे आवाज ऐकले. एकीचाही जमला नाही."

"मग डिंभ्याला या," आशा म्हणाली. "फोनवं मी कुणाचं खरं धरत न्हाई."

आणि अर्शिया खरंच आली. तिशीतली, पाठीवर पिशवी, डोक्याला रुमाल. जुन्नरला गाडीत बसली, तिकीट काढलं आणि खिडकीशी बसून आशाचं बोलणं ऐकत राहिली. बाजाराचा दिवस होता, म्हणून जैतूनबीही होत्या. अर्शियानं त्यांना सलाम केला, आणि पाच मिनिटांत जैतूनबींनी तिचं आजोळ, आडनाव, आजोबांचा धंदा सगळं काढून घेतलं. आजोबांनी लहानपणी रात्री सांगितलेल्या फुरसत नावाच्या एका आळशी नोकराच्या थापांवरूनच हा खेळ सुचला, असं अर्शिया म्हणाली.

"मग सरायचा दोर इतका बारीक कशाला केलास?" जैतूनबींनी दरडावलं. "ह्या पोरीचे आठ दिवस गेले!"

डिंभ्याला अर्शियानं मराठीत लिहिलेले कागद काढले. आशानं पहिलंच पान वाचलं आणि भुवया वर केल्या. कागदावर मियाँ दाराशी येऊन म्हणत होता, 'नमस्कार, मला आत येण्याची अनुमती आहे का?'

"हे कोण बोलतंय? मियाँ, का बँकेतला साहेब?"

"लोकांना समजायला हवं ना," अर्शिया म्हणाली. "म्हणून सोपं केलं."

"बाई, सलामला सलामच ऱ्हाऊ द्या. अमानत, मुक्काम, मुसाफिर, काझी, ह्यातलं कुठलं आमाला ठावं न्हाई? बयाबाईंना इचारा, मुक्काम म्हंजी काय." बयाबाई बाजूलाच होत्या. त्या म्हणाल्या, "मुक्काम? सून माझी माहेरी गेल्यापासनं तितंच मुक्कामाला हाये!" अर्शियानं हसत हसत अर्धं पान खोडलं.

आशा आवाज द्यायला तयार झाली आणि तिनं डेपोत परवानगीचा अर्ज दिला. त्याच साहेबांनी त्यावर सही केली, सुट्टीच्या दिवशीच जायच्या अटीवर. आशा अमृतबरोबर पुण्याला गेली. काचेची एक बंद खोली, भिंतींना मऊ गाद्या, समोर आवाज टिपणारं यंत्र आणि कागद. तिनं पहिलं वाक्य म्हटलं आणि तिला स्वतःलाच ते आवडलं नाही. आवाज घशातून निघत होता, पोटातून नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, पाचव्यांदा तेच. काचेपलीकडं अर्शियाचा सोबती यंत्रावर बसला होता. तो हळूच म्हणाला, "थोडं थांबूया का?"

"थांबायचं न्हाई," आशा म्हणाली. "ही खुर्ची काढा. मी बसून तिकीट मारत न्हाई कंदी. अन् हाताला धरायला काय तरी द्या."

खुर्ची गेली. कुठूनतरी पडद्याची एक लोखंडी दांडी आणून उभी बांधली. आशानं डाव्या हातानं दांडी धरली, पाय थोडे फाकवले, कंबर एका बाजूला टेकवल्यासारखी केली, जशी ती घाटातल्या वळणावर करायची. आणि काचेपलीकडच्या माणसांना भरलेल्या गाडीतली सांडणी ऐकू आली. चार सुट्ट्यांचं काम तिनं दोन सुट्ट्यांत संपवलं. कागदावर नसलेली वाक्यं तिनं घातली, त्यातली बरीचशी त्यांनी ठेवली.

एका ठिकाणी ती अडून बसली. सहाव्या शहराबाहेर एक मेंढपाळ कळप हाकतो, त्याला त्यांनी शिट्टी दिलेली होती. "असं कुणी मेंढरं हाकत न्हाई. मेंढरू शिट्टीला वळत न्हाई, आवाजाला वळतं." त्या रात्री तिनं ओतूरच्या घरी बापाला अंगणात उभं केलं. सोनबाची मेंढरं विकून बारा वर्षं झाली होती. आता थोरल्या जावयाघरी, म्हणजे आशाकडंच, तो दिवसभर ओट्यावर बसून असायचा.

"आरोळी मार, आबा."

"कुणाला? मेंढरू कुठं हाये?"

"मोबाईलात हाये."

सोनबानं लेकीकडं बघितलं. मग घसा खाकरला, मान वर केली आणि बारा वर्षं न मारलेली आरोळी मारली. शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढून उठली. समोरच्या घरातली दोन माणसं बाहेर आली. आशानं मोबाईल खाली घेतला तेव्हा म्हातारा ताठ उभा होता आणि विचारत होता, "परत मारू का? ही जरा आखूड झाली."

रमजान लागला. जैतूनबी रोजे धरून, पाण्याचा घोटही न घेता उन्हाच्या गाडीनं बाजार करत होत्या. आशा त्यांना मागची सावलीची खिडकी राखून ठेवी. ईदच्या चार दिवस आधी मराठी खेळ आला. आशानं स्वतः मात्र शेवटचं शहर खेळलं नव्हतं. ते तिनं राखलं होतं.

ईदच्या दुपारी ती जुन्नरला जैतूनबींच्या घरी गेली, अमृत आणि सोनबासह. शिरखुर्म्याच्या वाट्या फिरल्या. जैतूनबींच्या मुलानं खेळ टीव्हीला जोडला, आणि सगळ्यांच्या देखत मियाँ फुरसत शेवटच्या शहरात शिरला. वाटेत सोनबाची आरोळी आली, तेव्हा सोनबानं वाटी खाली ठेवली आणि पडद्यावरच्या मेंढरांकडं टक लावून बघितलं. "वळली की!" एवढंच तो म्हणाला.

शेवटची परीक्षा अशी, की म्हातारी विचारते, पेटी उघडून बघितलीस का? वाटेत एकदा मियाँनं झाकण किलकिलं केलं होतं. नाही म्हणावं, तर फेटा वाढणार आणि म्हातारीचं दार बुटकं. आशानं त्याला खरं सांगायला लावलं : "बघणार व्हतो आजी, पण सांडणीनं लाथ घातली." म्हातारी हसली आणि दार उघडलं.

पेटीत एक फाटकी चप्पल होती. लहान मुलीची. म्हातारी आत गेली आणि तिच्या जोडीची दुसरी घेऊन आली. लहानपणी नदीवर खेळताना व्यापाऱ्यानं एक पळवली होती, आणि साठ वर्षं परत करायची राहून गेली होती. शहजादी मान खाली घालून दोन्ही चपला हुंगते आणि आशाच्या आवाजात म्हणते, "एवढ्यासाठी सात शेहरं चालवलं मला? पाय माझं मोडलं की वं! बरं झालं. मी चालले म्हणून अमानत पोचली."

जैतूनबी आधी खदखदून हसल्या, मग पदरानं डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. अर्शियाला तिथूनच फोन लावला आणि दोन मिनिटं नुसता आशीर्वादच दिला.

ईदनंतर जैतूनबींनी मुलाकडून मोठ्या पडद्याचा मोबाईल घेतला. चष्म्याचा नंबरही बदलून आणला. पुढच्या बाजारी जुन्नरला त्या गाडीत चढल्या त्या हातात मोबाईल धरूनच.

"आशा, तिसऱ्या शहरात तो हलवाई मियाँला सोडतच नाय बघ. काय करायचं?"

"आधी तिकीट, चाची."

"तिकीट घेतलं. आता सांग."

"घोडेगावला सांगती."

घोडेगाव आलं. जैतूनबी गाठोडं घेऊन उतरल्या आणि पायरीशी उभ्या राहिल्या. "सांग की गं!"

"खेळून बघा," आशा म्हणाली आणि दोनदा घंटी मारली.